ओनामाचे वर्ष

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या कन्यांना विद्या दिली, ही कथा जैन घरांतील मुलांच्या कानी फार लवकर पडते. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात हा प्रसंग मोठ्या वात्सल्याने आला आहे. उजव्या हाताने ब्राह्मीला लिपी आणि डाव्या हाताने सुंदरीला अंक शिकवले, असे परंपरा सांगते. अक्षरमालेच्या आरंभी सिद्धांना नमन होते. मराठीत कोणत्याही कामाच्या प्रारंभाला ‘ओनामा’ म्हणतात, तो ‘ॐ नमः सिद्धम्’ याचाच पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेवर झिजलेला उच्चार आहे.

या कथेत एक तपशील सहज निसटून जातो. पाटी पुढे येण्यापूर्वी पित्याने मुलींना जवळ घेऊन मांडीवर बसवले आहे. विद्येचा आरंभ विश्वासाच्या जागी झाला. जून महिन्यात शाळेच्या फाटकाशी आईचा पदर किंवा वडिलांचे बोट घट्ट धरून रडणाऱ्या बालकाला नेमकी तीच जागा सोडून जावे लागते. आई दृष्टिआड झाली तरी ती परत येते, हा त्याच्या पहिल्या वर्षातील पहिला धडा होय आणि तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नसतो. तो पक्का होण्यास कोणाला चार दिवस लागतात, कोणाला दिवाळी उजाडते. ‘रडू नकोस, लगेच येते’ असे सांगून दुपारपर्यंत न येणारी आई हा धडा बिघडवते. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी येईन’ असे सांगून त्याच वेळी येणारी आई तो पक्का करते. मुलाला घड्याळ कळत नसले तरी क्रम कळतो.

वयाचा प्रश्नही आदिपुराणाने सोडवून ठेवला आहे. गृहस्थाच्या संस्कारक्रियांत ‘लिपिसंख्यान’ ही क्रिया पाचव्या वर्षी सांगितली आहे आणि त्यानंतर आठव्या वर्षी उपनीती. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि पहिलीचे वय सहा ठरवले, तेव्हा जुन्या आचार्यांशी त्याचे फारसे भांडण उरले नाही. भांडण आहे ते आजच्या पालकांच्या घाईशी. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या वहीत चार ओळी अक्षरे नसली, तर शाळा ‘काही शिकवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. शेजारचे मूल शिकवणीला जाऊ लागले, की आपले मागे पडले असे वाटते.

वस्तुतः त्या वयात मनगटाची लहान हाडे अजून पुरती टणक झालेली नसतात. पेन्सिल चिमटीत स्थिर राहावी यासाठी बोटांना आधी पुष्कळ इतर कामे करावी लागतात. कणकेचा गोळा मळणे, मण्यांतून दोरा ओवणे, सदऱ्याची गुंडी लावणे, मुगातले खडे वेचणे, मंदिरात पाटावर तांदळाचा स्वस्तिक काढणे ही सर्व लेखनाचीच पूर्वतयारी आहे. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले आणि ताराबाई मोडक यांनी तो विचार महाराष्ट्रात आणून बोर्डी व कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचवला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणावरच शाळा नेली. या बालशिक्षणात हाताला काम आधी आणि अक्षर नंतर, हा क्रम कधी मोडला नाही. मराठी शाळेतील ‘गमभन’ हाही त्याच शहाणपणाचा अंश. अ-आ-इ-ईचा शास्त्रशुद्ध क्रम बाजूला ठेवून आकाराने जवळची, हाताला सोपी अक्षरे तेथे प्रथम येतात.

संख्येची गोष्ट अधिक रंजक आहे. पाच वर्षांचे मूल एक ते शंभर न अडखळता म्हणून दाखवते आणि आजीआजोबा कृतार्थ होतात. त्याच मुलापुढे सात बदाम ठेवून ‘किती?’ असे विचारले, तर ते बोट भराभर फिरवीत नऊ सांगेल. म्हणणे निराळे आणि मोजणे निराळे. मोजताना एका वस्तूला एकच अंक द्यावा लागतो आणि शेवटचा अंक हीच सर्वांची बेरीज असते, हे उमगावे लागते. पाच-पाच नाण्यांच्या दोन रांगा मांडून एक रांग जरा पसरली, तर या वयाची बहुतेक मुले पसरलेल्या रांगेत नाणी जास्त आहेत असे ठामपणे सांगतात. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने असे प्रयोग करून हे दाखवले. मूल चुकत नसते. डोळ्यांवर विसंबण्याची त्याची अवस्था अजून संपलेली नसते.

येथे जैन घराकडे एक अपूर्व साधन आहे. आजीच्या मांडीवर बसून एक णमोकार आणि एक मणी, पुन्हा एक णमोकार आणि एक मणी असे पुढे सरकणारे मूल मोजण्याचा मूळ नियमच बोटांनी गिरवीत असते. एकशे आठपर्यंत जाण्याची गरज नाही. नऊ मणी पुरेत. पाच पदांचा, पस्तीस अक्षरांचा तो मंत्र त्याला अर्थासह आज कळणार नाही. मात्र मंत्र संपण्यापूर्वी मणी पुढे ढकलायचा नाही, एवढे ते स्वतःच आजीला बजावू लागते.

पुढे वीसच्या पलीकडे गेल्यावर मराठी मुलाची खरी परीक्षा सुरू होते. तोंडाने ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, वीस नंतर. लिहिताना दोन आधी, एक नंतर. म्हणून असंख्य मुले एकवीस ऐकून 12 लिहितात. एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत तर पुढच्या दशकातून एक वजा करून बोलावे लागते. या अडचणीवर उपाय म्हणून बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोड दिली, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिलीतल्या मुलाची वही उघडली होती, हा प्रश्नच आहे. ‘अंकानां वामतो गतिः’, अंकांची गती डावीकडे असते, असे जुने वचन आहे. सुंदरीला डाव्या हाताने अंक शिकवले या कथेशी त्याचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. अडीच वीत उंचीच्या विद्यार्थ्याला हे वचन सांगून उपयोग नाही. त्याला दहा काड्यांची एक जुडी आणि एक सुटी काडी हातात द्यावी. दोन जुड्या, एक काडी. उलटे लिहिल्याबद्दल रागावणे मात्र टाळावे, कारण मुलाने कानाशी प्रामाणिक राहूनच ते लिहिलेले असते.

भाषेचा गुंता जैन कुटुंबांत आणखी वेगळा. घरी मारवाडी, गुजराती किंवा कन्नड वळणाची मराठी, अंगणात मराठी, वर्गात इंग्रजी आणि पाठशाळेत प्राकृत. मूल या सर्वांतून वाट काढते, पण प्रारंभी अबोल होते. त्या मौनाला मंदपणा समजून घरची बोली बंद करणारे पालक मुलाच्या हातातील काठीच काढून घेतात. घरच्या भाषेत ज्याला गोष्ट सांगता येते, त्याला शाळेच्या भाषेत ती सांगण्यासाठी शब्दच काय ते शोधावे लागतात.

मग येते मधली सुट्टी. डबा हा पहिल्या वर्षातील सर्वांत अवघड विषय आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शेजारचा मित्र प्रेमाने बटाट्याची भाजी पुढे करतो आणि आजवर जगात एकच स्वयंपाकघर आहे असे मानणाऱ्या मुलाला ‘आमच्याकडे’ हा शब्द प्रथमच उच्चारावा लागतो. हा नियम सर्व जैन घरांत सारखा आहे असेही नाही. एकाच वर्गातील दोन जैन मुलांपैकी एकाच्या डब्यात बटाटा असतो, दुसऱ्याच्या नसतो, आणि दुसऱ्याने घरी येऊन विचारलेला प्रश्न मोठ्यांना निरुत्तर करतो.

त्या क्षणी मूल काय बोलेल, ते घरात आधी काय ऐकले त्यावर ठरते. ‘ते घाण खातात’, ‘पाप लागते’ असे शब्द जेवताना सहज उच्चारले गेले असतील, तर तेच शब्द मित्राच्या तोंडावर जातील. दुसरे मूल डबा मिटवील आणि उद्या दुसऱ्या बाकावर बसेल. कंदमुळात एका शरीराच्या आश्रयाने अनंत जीव असतात, त्यांना शक्य तितके दुखवायचे नाही म्हणून आपण ते खात नाही, हे पाच वर्षांच्या मुलाला नीट समजते. मुंगीसाठी थांबणाऱ्या वयाला करुणा शिकवावी लागत नाही. पण ज्या करुणेपोटी बटाटा वर्ज्य झाला, ती समोरच्या मित्रापाशी येऊन संपत असेल, तर अहिंसेचा तो पाठ अर्धाच झाला. ‘मी हे खात नाही, तू माझा खाकरा घे’ एवढे वाक्य घरी दोन-तीनदा खेळता खेळता म्हणवून घेतले, तरी मुलाची पुष्कळ सोय होते. अनेकान्त हा शब्द त्याला अजून दहा वर्षे माहीत नसला तरी चालेल.

शाळा सुरू झाल्यावर अडीच-तीन महिन्यांत पर्युषण येते. तोवर वर्गात ढकलाढकली, खोडरबराची चोरी, ‘तुझी कट्टी’ हे सर्व एकदा होऊन गेलेले असते आणि बाईंनी सांगितल्यावर पुटपुटलेले ‘सॉरी’ही. ते ‘सॉरी’ बहुधा शिक्षा टाळण्यासाठी असते. संवत्सरीला किंवा क्षमावाणीच्या दिवशी मात्र मूल घरात निराळे दृश्य पाहते. आजोबा सुनेला, वडील धाकट्या भावाला हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. एखाद्या घरात वडील खाली बसून मुलालाही तसे म्हणतात आणि ‘परवा तुझ्यावर विनाकारण ओरडलो’ असे कारणही सांगतात. मूल गोंधळते, हसते, पळून जाते. दुसऱ्या दिवशी वर्गात ते कट्टी फोडायला स्वतःहून जाते की नाही, हे बाईंना विचारून पाहावे.

रोज दुपारी मात्र बाईंना विचारता येत नाही. मुलालाच विचारावे लागते. ‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे ठरलेले उत्तर मिळते. ‘आज डबा कोणाबरोबर खाल्लास?’ या प्रश्नाला नाव मिळते, मागोमाग गोष्ट मिळते, कधी भांडण मिळते. लागोपाठ आठवडाभर ‘एकट्यानं’ असे उत्तर आले, तर वहीतील अक्षरे तपासणे थांबवून शिक्षिकांना भेटण्याची वेळ झाली आहे असे समजावे.