'९एच' आणि '९५ए': आकडा मोठा, पण जोर किती लावला?

ऑनलाइन सेलमध्ये स्क्रीन गार्डवर '९एच' आणि टीपीयू कव्हरवर 'शोअर ९५ए' असे आकडे दिसतात. मोठा आकडा म्हणजे भारी माल, असं आपण धरून चालतो. पण मोजताना किती जोर लावला, हे कळल्याशिवाय या आकड्यांना फारसा अर्थ नाही.

शोअर म्हणजे काय?

ड्युरोमीटर नावाच्या यंत्रात स्प्रिंगवर बसवलेली छोटी पिन असते. ती रबरात पूर्ण २.५ मिमी घुसली तर रीडिंग ०, अजिबात घुसली नाही तर १००. मऊ रबरासाठीच्या 'ए' स्केलवर स्प्रिंगचा जोर जास्तीत जास्त ८ न्यूटन, म्हणजे साधारण ८२० ग्रॅम. कडक प्लास्टिकसाठीच्या 'डी' स्केलवर तोच ४४.५ न्यूटन, म्हणजे साडेचार किलो, आणि पिनही टोकदार. म्हणून ९५ए चं टीपीयू 'डी'वर साधारण ४५-५० च दाखवतं. माल तोच, आकडा निम्मा!

हाताने दाबलं तर?

यंत्र हलकं दाबलं तर त्याचा तळ नीट टेकत नाही आणि रीडिंग कमी येतं. जास्त दाबलं तर तळच रबरात रुततो आणि रीडिंग वाढतं. म्हणून लॅबमध्ये स्टँडवर ठरावीक वजन ठेवतात: 'ए'साठी १ किलो, 'डी'साठी ५ किलो. वेळही महत्त्वाची, कारण दाबाखाली रबर हळूहळू दबत जातं. शिवाय नमुना किमान ६ मिमी जाड लागतो. एक-दोन मिमीच्या कव्हरवर थेट मोजलं, तर खालच्या टेबलाचा कडकपणाही रीडिंगमध्ये मिसळतो.

मग '९एच'?

ही पेन्सिलची टेस्ट आहे. ९एच पेन्सिल ४५ अंशात धरून, साधारणपणे ७५० ग्रॅम भार देऊन पृष्ठभागावर ओढतात. भार कमी केला की मऊ कोटिंगही पास होऊ शकतं. अनेकांना हा खनिजांच्या मोह्स स्केलवरचा ९ वाटतो, तसं नाही. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्सवर ७ आहे आणि ते '९एच' काचेवरही ओरखडा पाडतं. फोल्डेबल फोनच्या आतल्या स्क्रीनवर तर सहसा वरचा थर प्लास्टिकचाच असतो, तिथे असा दावा आणखी जपून वाचा.

खरेदीआधी तीन गोष्टी बघा: स्केल कोणतं, भार किती, नमुना किती जाड. यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.