न मरणारं तण आलं कुठून?



सोयाबीनमध्ये फवारणीनंतर एखादं तण ताठ उभं राहिलं की आपल्याकडं दोनच गोष्टी बोलतात. औषध बोगस निघालं, नाहीतर शेजाऱ्याच्या रानातून बी आलं. दोन्ही खरं असू शकतं. पण ते तण आपणच आपल्या रानात निवडून वाढवलं असेल, हे कुणी बोलत नाही.

हरियाणात भात-गहू, भात-गहू असंच चालायचं आणि गव्हात दरवर्षी एकच आयसोप्रोट्युरॉन. 1990 नंतर दोन-तीन वर्षांत तिथलं मंडूसी गवत त्याला दाद देईना. काहींनी उभा गहू वैरणीला कापला. त्याच दशकात ब्राझीलच्या सोयाबीनमध्ये दुधी (चीक येतो ते तण, भोपळा नव्हे) इमाझेथापायरच्या गटाला मरेना झाली. आता हरियाणातून ब्राझीलला कुणी बी नेलं नव्हतं, आणि दोन्ही तणंही वेगळी.

ॲट्राझिनच्या गटाचं तर आणखी नवल. पहिलं न मरणारं तण 1970 साली अमेरिकेतून नोंदलं गेलं. पुढं अमेरिकेत आणि युरोपात कितीतरी वेगळ्या जातींच्या तणांत तेच झालं. तपासलं तर बहुतेकांत बदल एकाच जनुकात, एकाच जागी!

कारण साधं आहे. लाखो रोपांत एखादं जन्मतःच वेगळं असतं. औषध बाकीची मारतं, ते राहतं आणि बी टाकतं. आपण बियाण्याला चांगली कणसं राखतो तसंच. जिथं जिथं तोच मारा, तिथं तिथं तीच निवड.

म्हणून शेजारी निर्दोष असं नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात माठाच्या भाऊबंदातलं एक तण ग्लायफोसेटला मरेना. 2019 साली त्याच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका भागात ते अमेरिकेकडून आलेलं निघालं, पण त्याच प्रांतातल्या वॉलपोल बेटावर तिथल्या तिथंच तयार झालेलं.

तेव्हा दुकानदाराशी भांडायच्या आधी रान बघा. सगळा पट्टाच हिरवा राहिला असेल तर नोझल, मात्रा नाहीतर औषध तपासा. पण एकाच जातीची मेलेली आणि जिवंत रोपं शेजारी-शेजारी दिसली, तर शंका घ्या. त्या जिवंत रोपाचं बी आणि कधीच न फवारलेल्या बांधावरचं त्याच तणाचं बी वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. दोन-चार पानांवर आलं की दोन्हीवर सारखीच मात्रा मारा. फरक डोळ्यांना दिसतो.

आणि डबा बदलला म्हणजे औषध बदललं असं समजू नका. इमाझेथापायर आणि क्लोरीम्युरॉन ही नावं वेगळी, पण दोन्ही तणाच्या एकाच विकरावर घाव घालतात. घटकाचं नाव वाचा, गट विचारा. माझं मत स्पष्ट आहे, एक कोळपणी ठेवलीच पाहिजे. मजूर महाग झालेत, मान्य. पण उरलेली दहा-वीस रोपं बी धरायच्या आत उपटायला घरची दोन माणसं पुरतात.

तुमच्याकडं कोणतं तण कोणत्या औषधाला मरत नाही? किती वर्षं तेच मारताय तेही लिहा.