आरपार दांडीचें वाद्य आणि आपले हात

वाद्य म्हटलें कीं तें दुकानांतून आणावयाचें, आणि लाकूडकाम म्हटलें कीं तें सुतारानें करावयाचें, अशी आपल्या विद्यार्थिवर्गाची एक दृढ समजूत होऊन बसली आहे. त्यांतून वाद्य विजेचें असेल तर बोलावयासच नको. तें कोठल्या तरी दूरच्या कारखान्यांत जन्म पावतें व पैसे मोजून घरीं येतें, यापलीकडे त्याचा व आपला कांहीं संबंध असूं शकेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ही समजूत बुद्धीस व हातांस सारखीच घातक आहे, असें आमचें मत आहे. आणि तें आम्ही एका विशिष्ट वस्तूच्या आधारानें मांडणार आहों. ती वस्तु म्हणजे चार तारांची विजेची बास गिटार. आणि तीहि अशी, कीं जिची दांडी धडास मागाहून जोडलेली नसून धडांतून आरपार गेलेली आहे. परदेशांतील कारागीर या बांधणीस ‘नेक-थ्रू’ म्हणतात. आम्ही तीस आरपार दांडीची बांधणी म्हणूं.

नांव नवें असलें तरी कल्पना आपणांस परकी नाहीं. वाचकांनीं आपल्या जिल्ह्यांत नित्य दिसणारीं दोन वाद्यें डोळ्यांसमोर आणावीं. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घालणारे गोंधळी संबळाच्या जोडीस तुणतुणें वाजवितात. तुणतुण्याचें लाकडी नळकांडें निराळें व त्याच्या अंगास बाहेरून बसविलेली काठी निराळी. काठी मोडली तर दुसरी बसवितां येते. भजनकऱ्याची एकतारी याच्या उलट. तिची दांडी भोपळ्याच्या एका बाजूनें शिरून दुसऱ्या बाजूनें बाहेर पडते. तारेचें एक टोंक दांडीच्या वरच्या खुंटीस, तर दुसरें त्याच दांडीच्या खालच्या टोंकास. तारेचा सारा ताण एका अखंड लाकडावर येतो. भोपळ्यास तो सोसावा लागत नाहीं. आरपार दांडीच्या गिटारीचें सगळें रहस्य एवढेंच आहे. दक्षिणेंत फणसाच्या एकाच लाकडांतून कोरलेल्या वीणेस एकांड वीणा म्हणतात, आणि सारंगी ही एकाच ओंडक्यांतून कोरून काढतात, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

पश्चिमेकडे ही गोष्ट कशी घडली तें थोडक्यांत पाहूं. सुमारें १९४० सालीं अमेरिकेंतील लेस पॉल या वादकानें चार इंच रुंद व चार इंच जाड अशा पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणल्या व त्याच्या दोहों अंगांस गिटारीच्या धडाचे दोन अर्धे भाग जोडले. ते पंख केवळ शोभेकरितां होते. वाद्य म्हणजे तो ओंडकाच. १९५१ सालीं लिओ फेंडर यानें पडदे असलेली विजेची बास बाजारांत आणली. तिची दांडी स्क्रूंनीं धडास आवळलेली असे. म्हणजे ती तुणतुण्याच्या पंथाची. पुढें १९५७ सालीं रिकनबॅकर कंपनीनें आरपार दांडीची बास काढली. ती एकतारीच्या पंथाची. दोन्ही पंथ आजपर्यंत चालत आले आहेत, व दोहोंतहि उत्तम वाद्यें झालीं आहेत.

मग पहिलें वाद्य घडविणाऱ्यानें कोणता पंथ धरावा? पुष्कळ जाणते लोक म्हणतील कीं पहिल्याच खेपेस आरपार दांडी घेणें म्हणजे पोहतां न येणाऱ्यानें विहिरींत उडी घेण्यासारखें आहे. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. स्क्रूंची दांडी वांकली तर ती काढून दुसरी बसवितां येते. आरपार दांडी पिळली तर सगळें वाद्य फुकट जातें. घोडीची उंची व दांडीचा कल यांचा हिशेब चुकला, तर मागाहून सांध्यांत पातळ चकती सारून तो सुधारतां येत नाहीं. हा धोका आम्ही लपवीत नाहीं. परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. स्क्रूंच्या वाद्यांत सर्वांत कठीण काम म्हणजे दांडी बसविण्याची खांच. ती केसभर सैल झाली तर ताणाखालीं दांडी हलते. आरपार बांधणींत ही खांचच नाहीं. बाजूच्या पंखांवर ताण येत नसल्यामुळें नवशिक्याच्या हातून पंखाची गोलाई थोडी वांकडी झाली तर रूप बिघडेल, स्वर बिघडणार नाहीं. म्हणजे ज्या ठिकाणीं चूक क्षम्य नाहीं तें ठिकाण एकच राहतें. आणि तें ठिकाण कागदावर आधीं जिंकतां येतें. वाद्याची बाजूची आकृति पुऱ्या मापानें काढावी, तार, पडदे, घोडी व दांडी यांच्या उंच्या तींत लिहाव्या, आणि मगच करवतीस हात घालावा. ज्या कामांत मागाहून दुरुस्तीची सोय नाहीं तें काम मनुष्यास आधीं विचार करावयास लावतें. आमच्या मतें शिक्षणाच्या दृष्टीनें हाच त्याचा मोठा गुण होय.

आतां लाकूड. चार तारांचा एकत्र ताण सुमारें ८० किलोंचा असतो, आणि तो रात्रंदिवस असतो. एवढा भार सोसणारी दांडी पूर्ण वाळलेल्या, सरळ रेघेच्या लाकडाचीच पाहिजे. त्यासाठीं उभें झाड तोडण्याचें कारण नाहीं. सागासारखें झाड तोडावयास तर कायद्यानें परवानगी लागते, आणि आपल्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत उभें झाड हेंच मोठें धन आहे. आपल्या गांवोगांवीं जुनीं माळवदाचीं घरें उतरविलीं जातात. त्यांच्या तुळया व खांब अनेक वर्षें छपराखालीं वाळलेले असतात, आणि बहुधा ते सरपण म्हणून जातात. अशी सागाची एक निकोप तुळई मिळाली तर तिच्यांतून सव्वा मीटर लांबीच्या पट्ट्या निघतात. त्या रेघांची दिशा उलटसुलट करून एकमेकींस चिकटविल्या म्हणजे एकीचा पीळ दुसरी आवरते. सागांत तेल असतें. म्हणून रंधा मारल्याबरोबर, पृष्ठभाग ताजा असतांनाच डिंक लावावा. लाकडांत मोडलेला खिळा राहिला असेल तर तो जुन्या भोंग्याच्या चुंबकानें शोधावा, नाहींतर सुताराच्या रंध्याची धार जाते व त्याची मर्जीहि जाते.

लाकूड पारखण्याची रीत आपल्या जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. तेरच्या गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांचीं मस्तकें ठोकून पाहिलीं व नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. वाद्य घडविणारा कारागीरहि हेंच करतो. तो फळी दोन बोटांत अधांतरीं धरतो व गांठीनें ठोकतो. खणखणीत नाद आला तर घेतो, भद्द आवाज आला तर बाजूस ठेवतो. कुंभाराचा जो न्याय तोच वाद्यकाराचा.

पडदे बसविण्याच्या कामांत तर आपल्या गणिताच्या पुस्तकाचें अर्धें सार्थक होतें. तारेची वाजती लांबी ८६४ मिलिमीटर, म्हणजे सुमारें ३४ इंच, धरली तर तिला १७.८१७ नें भागावें. उत्तर सुमारें ४८.५ येतें, तो पहिला पडदा. उरलेल्या लांबीस पुन्हां त्याच संख्येनें भागावें, म्हणजे दुसरा. असें करीत गेलें कीं बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर, ४३२ मिलिमीटरांवर येतो; पांचवा एकचतुर्थांशाच्या व सातवा एकतृतीयांशाच्या अगदीं जवळ पडतो. भूमितिश्रेढी म्हणून जी गोष्ट परीक्षेपुरती घोकली जाते ती येथें कानांनीं ऐकूं येते. मात्र मापें प्रत्येक वेळीं वरच्या टोंकापासूनच घ्यावीं; पडद्यापासून पडदा मोजीत गेल्यास अर्ध्या मिलिमीटरची चूक बारा वेळां सांठून सहा मिलिमीटर होऊं शकते, व मग वाद्य कोणत्याच स्वराशीं प्रामाणिक राहत नाहीं.

राहिली वीज. तारेखालीं चुंबक व त्याभोंवतीं केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. वरची पोलादी तार हलली कीं वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. वेढे देण्याची कला आपल्याकडे दुर्मिळ नाहीं. विहिरीवरील पंपाची जळलेली मोटार पुन्हां भरून देणारा कारागीर आपल्या बाजारपेठांत सहज भेटतो. त्याच्याजवळ वेढे मोजणारें यंत्र असतें आणि बारीक तार न तोडतां हाताळण्याची संवय असते. बासच्या चार तारांचे कंप सेकंदास ४१.२, ५५, ७३.४ व ९८ असतात. घरांतील विजेचा गुंजारव ५० चा, म्हणजे नेमका पहिल्या दोन तारांच्या मध्यें येऊन बसतो. त्यास हांकलण्याकरितां एकमेकींच्या उलट वेढ्यांचीं व उलट चुंबकांचीं दोन वेटोळीं जोडावीं. म्हणजे गुंजारव एकमेकांस खोडतो व स्वर एकमेकांस मिळतो. ही युक्ति गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यानें १९५५ च्या सुमारास सिद्ध केली. येथें एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतों. ध्वनिवर्धकाच्या प्लगाची तिसरी पिन कोणीहि तोडूं नये. वाजविणाऱ्याचीं बोटें सर्व वेळ तारांवर असतात व तारा जमिनीच्या जोडणीशीं बांधलेल्या असतात. ती जोडणी खोटी असेल तर जीवावर बेतूं शकतें. आपल्या कोरड्या जमिनींत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत सुकतो. त्यास पाणी घालीत जावें.

पडद्यांची तार, चाव्या व वाजविण्याच्या तारा बाहेरूनच आणाव्या लागतील; त्यांत कमीपणा नाहीं. मिरजेचे सतारकार एकोणिसाव्या शतकापासून सतारी घडवीत आले आहेत, व २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु त्यांचे भोपळे आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनें येतात. सर्व कांहीं स्वतः पिकविणें हें कारागिराचें लक्षण नव्हे. कोणती वस्तु कोठून आणावी व ती कशी बसवावी हें जाणणें हें त्याचें लक्षण होय.

कोणी म्हणेल, हें विलायती वाद्य आपणांस कशाला? आम्ही विचारतों, पेटी कोठून आली? लग्नाच्या वरातींत वाजणाऱ्या बेंजोच्या तारांखालीं काय बसविलेलें असतें? वाद्य ज्याच्या हातून घडतें व ज्याच्या कंठास साथ देतें त्याचें तें होतें. आपल्या शाळेंतील समूहगायनांत वरचे स्वर पुष्कळ असतात, पण खालचा आधार नसतो. पाया नसलेल्या भिंतीसारखें तें गाणें वाटतें. तो पाया हें वाद्य देऊं शकेल.

परंतु आमचा खरा मुद्दा गाण्याहून मोठा आहे. केंद्र शासनानें २०१८ सालीं जे आकांक्षित जिल्हे निवडले त्यांत आपलाहि जिल्हा होता. म्हणजे आपण मागें आहों हें सरकारी कागदावरहि लिहिलें गेलें. अशा जिल्ह्यांतील मुलगा परीक्षा देऊन पुण्यास जावा एवढीच आपली महत्त्वाकांक्षा झाली आहे, आणि जो मागें राहून हातानें काम करतो त्यास आपण हलका समजतों. सुताराचा मुलगा बापाचा धंदा सांगतांना मान खालीं घालतो, हें आपल्या शिक्षणाचें भूषण नव्हे. १९३७ सालीं वर्ध्यास महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण हा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावें असें म्हटलें आहे. आमची सूचना अशी कीं हे दहा दिवस नुसतें पाहण्यांत घालवूं नयेत. वरच्या वर्गांतील चार-पांच विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं मिळून एक वाद्य वर्षभरांत पुरें करावें, धाकट्यांनीं त्यांच्या हाताखालीं घांसकाम करावें, आणि गांवच्या सुतारास व मोटार भरणाऱ्यास शाळेंत गुरु म्हणून मानानें बोलवावें. चांगल्या लाकडास हात लावण्यापूर्वीं बाभळीच्या तुकड्यावर एक दांडी घडवून मोडावी. त्यानें खर्च वांचेल व घरच्या वडील मंडळींचा विश्वासहि बसेल.

विद्यार्थिमित्रहो, ज्या तुळईनें तुमच्या आजोबांच्या डोक्यावरचें छप्पर धरलें ती चुलींत घालावयाची कीं तिच्यांतून स्वर काढावयाचा, हें तुमच्या हातीं आहे. पहिलें वाद्य कदाचित् जड होईल, कदाचित् बेढब दिसेल. पण त्याची दांडी सरळ असेल, पडदे खरे असतील, व प्रत्येक सांध्याचें कारण तुम्हांस सांगतां येईल, तर दुकानांतील चकचकीत वाद्याहून तें अधिक तुमचें आहे. अशा मुलामुलींची या जिल्ह्यास फार गरज आहे.