फिट नव्हती, गिझर होता

थंडी सुरू झाली की आमच्या शिरूर-दौंड भागात सकाळी सकाळी एक ठरावीक पेशंट येतो. ‘आंघोळीला गेला आणि आतच चक्कर येऊन पडला.’ घरचे म्हणतात पाय घसरला, बीपी कमी झाला, फिट आली. आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे.

कॉलेजला जाणारी मुलगी. वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना म्हणून दार तोडलं, तर खाली पडलेली, हातपाय ताठ. माझ्याकडे आणेपर्यंत शुद्धीवर आली होती. डोकं दुखतंय म्हणत होती. बोटाला ऑक्सिमीटर लावला, 98. साखर ठीक, नंतर केलेला सीटी स्कॅनही ठीक. मी फिटच्या गोळ्या सुरू केल्या. वडील हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टर, हे बाहेर कळायला नको. पोरीचं लग्न व्हायचंय.”

पुढच्या महिन्यात ती पुन्हा पडली, पुन्हा बाथरूममध्येच. या वेळी आई सहज बोलून गेली, “आंघोळ झाली की मलाही गरगरतं.” तेव्हा कुठे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: पाणी कशावर तापवता?

गॅस गिझर. बाथरूमच्या आत, दाराच्या वर. झरोका होता, पण थंडी वाजते म्हणून त्यावर पुठ्ठा लावलेला.

आता थोडा हिशोब करू. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण 12 ते 13 घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर दहा मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे खोलीतल्या एक तृतीयांशाहून जास्त हवेचा वापर. धूरही तिथेच. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण इथे गॅस गळत नाहीये, जळतोय. त्यामुळे ‘वास तर आला नाही’ याला अर्थ नाही.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाचा ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजतो, म्हणून आकडा छान दिसतो. मी त्याच आकड्याला फसलो. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने असे रुग्ण नोंदवलेले आहेत. मी ते वाचलेलं होतं, तरी सुचलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे: गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच. खिडकी असली तरी नको, कारण डिसेंबरात ती खिडकी तुम्हीच बंद करणार. गिझर बाहेर, मोकळ्या भिंतीवर किंवा गच्चीत. आत फक्त गरम पाण्याचा नळ. आजीचा तांब्याचा बंब परसातच पेटायचा ना? एक्झॉस्ट फॅनवरही विसंबू नका. दार घट्ट बंद असेल तर तो हवा आणणार कुठून?

खरी अडचण वेगळीच आहे. गिझर लावतो प्लंबर, त्याचं लक्ष पाण्याच्या गळतीकडे. गॅसची नळी जोडतो दुकानातला पोरगा, शेगडीच्या नळीला ‘टी’ मारून. वायरमन तिसऱ्याच दिवशी येतो. रांजणगाव किंवा कुरकुंभला एमआयडीसीत कामाला आलेली मुलं तर भाड्याच्या खोलीत राहतात, तिथे आधीच्या भाडेकरूने काय जोडलंय हे कुणालाच माहीत नसतं. तेव्हा गॅसची जोडणी एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या. आयएसआय मार्कची सुरक्षा नळी लावा, पाच वर्षांनी बदला. सांधा तपासायचा तो साबणाच्या पाण्याने, काडी पेटवून नव्हे. गळका एलपीजी जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर ठेवता तिथे खालीही झरोका हवा. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करून बाहेर पडा आणि 1906 ला फोन लावा.

‘मग इलेक्ट्रिकच घेतो’ म्हणाल, तर जरूर घ्या. पण त्याला स्वतंत्र जाड वायर, 16 अँपियरचा सॉकेट आणि खरं अर्थिंग हवं. तीन पिनांचा प्लग म्हणजे अर्थिंग नव्हे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. 16 अँपियरचा एमसीबी पडायच्या कितीतरी आधी माणूस जातो. माणसासाठी 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी लागतो. तो बसवला आहे का, हे वायरमनला आजच विचारा.

कुणी आत पडलंच, तर आधी दार उघडा, श्वास रोखून त्याला ओढून मोकळ्या हवेत आणा, गिझर आणि गॅस बंद करा. कांदा, चप्पल हुंगवत बसू नका. 108 बोलवा आणि दवाखान्यात ‘गॅस गिझर होता’ हे पहिलं वाक्य सांगा. ऑक्सिजन हाच उपचार आहे, तो जितका लवकर तितका बरा. घरात गरोदर बाई असेल तर ती शुद्धीवर आली तरी आणाच. पोटातल्या बाळाला हा वायू जास्त बाधतो.

त्या मुलीच्या गोळ्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू बंद झाल्या. (तुम्ही कुणी हे वाचून आपल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.) गिझर आता गच्चीत आहे. वडील भेटले की एकच तक्रार करतात: गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार जाते.