खरे सांगण्याची किंमत

२ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने 'आरोग्य सेतू' हे मोबाइल अ‍ॅप लोकांपुढे ठेवले. त्यात स्व-मूल्यमापनाची सोय होती. खोकला आहे काय, ताप आहे काय, धाप लागते काय, याची उत्तरे माणसाने स्वतः द्यायची आणि धोका किती ते यंत्राने सांगायचे. कल्पना टाकाऊ नव्हती. आपल्या देहाची वार्ता रोग्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

परंतु १ मेच्या आदेशाने हे अ‍ॅप सरकारी व खाजगी कर्मचाऱ्यांना सक्तीचे झाले आणि त्या उत्तरांचा अर्थच पालटला. डॉक्टरपुढे खोकला कबूल करणारा माणूस औषध मागत असतो. कारखान्याच्या फाटकावर मोबाइल दाखवणारा कामगार त्या दिवसाची मजुरी मागत असतो. भरपगारी रजा ज्याच्या नशिबी नाही त्याने अंगातली कणकण लपवली, तर त्याला खोटारडा म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचतो? १७ मे रोजी सक्तीची भाषा सौम्य करण्यात आली, हे बरे झाले. रजेचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

शब्दांऐवजी आकडा घ्यावा, असे कोणी म्हणेल. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील प्राणवायूचा अंदाज करतो. गार बोट, नखावरचा रंग, एवढ्यानेही तो फसतो. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने अमेरिकेतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना रक्ततपासणीत प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांखाली निघण्याचे प्रकार गोऱ्यांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. सावळ्या कातडीच्या आपल्या देशाने ही बातमी परकी मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून हेच यंत्र घेऊन आशा स्वयंसेविका दारोदार फिरल्या. (मोहिमेचे नाव 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी', शासनाची जबाबदारी नावात तरी नव्हती.) आकडा शंकास्पद वाटला तर बोट चोळून पुन्हा लावणे, बोलताना माणूस धापतो का हे पाहणे, त्याची भीती ओळखणे, हे ओळखीच्या बाईला जमते, अ‍ॅपला जमत नाही. त्याच आशांना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जावे लागले.

रोग्याची स्वतःची नोंद विश्वासार्ह हवी असेल, तर त्या नोंदीवरून कोणाचीही मजुरी कापली जाणार नाही असा कायदा आधी करावा, यंत्रे इथल्या कातडीवर पारखून घ्यावीत आणि आशांना मानधनाऐवजी वेतन द्यावे.