शंभर रुपयांचा दंड कुणी दाबला?

एटीएममध्ये कार्ड घातले, खात्यातून पाच हजार वजा झाले आणि बाहेर एकही नोट आली नाही, तर पाच दिवसांत ती रक्कम खात्यात परत आली पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता! रिझर्व्ह बँकेचा हा हुकूम 20 सप्टेंबर 2019 चा आहे. पाटण तालुक्यातल्या किती शाखांच्या भिंतीवर तो ठळक मराठीत लावलेला आहे? मोरगिरीच्या, हेळवाकच्या, ढेबेवाडीच्या खातेदाराला तो कुणी वाचून दाखवला? विमा गळ्यात मारायला मात्र बँकवाल्यांना मराठी उत्तम येते!

या खोऱ्याला दुरून येणारा पैसा नवा नाही. मुंबईच्या दाणाबंदरात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाड्यांच्या मनीऑर्डरीवर इथल्या चुली पेटल्या. त्या माथाड्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. पोस्टमन उंबऱ्यावर यायचा, नोटा मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा. पैसे आले नाहीत तर कुणाला विचारायचे, हे म्हातारीलाही ठाऊक होते. आज तोच पैसा यूपीआयने क्षणात येतो. ही देशाने उभारलेली मोठी यंत्रणा आहे आणि आम्ही तिच्या बाजूने आहोत. आमचा संताप आहे तो तिच्याआड दडून बसलेल्या बँकांवर.

काउंटरवरचा व्यवहार महाग पडतो, म्हणून थकल्या माणसाला ‘बाहेर मशीनवर काढा’ म्हणून पिटाळता. बाहेर मशीन बंद! कोयनेच्या पाण्यावर 1,960 मेगावॅट विजेची क्षमता उभी राहिली, आणि त्याच कोयनेकाठी पावसाळ्यात वीज गेली की टॉवर मुका होतो. जन्मभर भाताच्या चिखलात राबून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिला अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र ओळखत नाही. मग तिचेच पैसे तिला कोण देणार? साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय चालणारे यूपीआय मार्च 2022 मध्येच सुरू झाले. ते शिकवायला वाडीवर कोण आले?

फसवणुकीची गोष्ट तर आणखी संतापजनक. ‘ओटीपी तुम्हीच दिला असेल’ हे बँकेचे पहिले वाक्य. अहो, 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने पुराव्याचा भार बँकेवर टाकला आहे. ग्राहकाचा आणि बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कुणी पैसे लुटले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. त्याच्या चुकीने गेले, तरी तक्रार नोंदवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. डिसेंबर 2017 मध्ये सहकारी बँकांनाही हेच बंधन घातले गेले. तरी आरोपी ठरतो तो ग्राहकच!

नोटाबंदीने रोखीवर घाव घालायला 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री चार तास पुरले. ग्राहकाचे हक्क भिंतीवर लावायला एवढी वर्षे पुरत नाहीत?

दोन्ही परिपत्रके मराठीत, मोठ्या अक्षरांत, दारातच लावा. रोखीची खिडकी उघडी ठेवा. लांबलेल्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये हिशेब करून खात्यात टाका. आणि पाटणकरांनो, तक्रारीची शिक्क्यासह पोच हातात पडेपर्यंत शाखेतून हलू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीसाठी क्रमांक 14448.