अंश मिळाला, छेद कुठे आहे?

प्रति,
महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली

विषय : रक्तातील जंतुसंसर्गाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी



परिषदेचा प्रतिजैविक-प्रतिरोधाचा वार्षिक अहवाल आला की वर्तमानपत्रांत दोन दिवस मथळे झळकतात. ई. कोलाय या जंतूचे ८१ टक्के नमुने २०१७ मध्ये इमिपेनेम या प्रबळ प्रतिजैविकाला दाद देत होते; २०२२ मध्ये हे प्रमाण ६६ टक्क्यांवर आले. आकडा धास्ती घेण्याजोगा आहे, आणि तो कळतो तो परिषदेने २०१३ पासून विणलेल्या प्रयोगशाळांच्या जाळ्यामुळे. पण त्याच अहवालाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. एखाद्या जिल्ह्यात दर लाख लोकांमागे वर्षाला किती जणांच्या रक्तात जंतू सापडतात, आणि त्यांतले किती जण महिन्याभरात दगावतात? याचे उत्तर तिथे नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून अंश हाती येतो. हे रुग्ण ज्या लोकसंख्येतून आले तो छेद मात्र तिथे कुणी मोजत नाही.

छेद नसला तर काय बिघडते? या जाळ्याचा मुख्य आधार मोठी, तृतीय स्तरावरची रुग्णालये आहेत. तिथे पोहोचणारा रुग्ण बहुधा आधी गावातल्या दवाखान्यात आणि मग तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये दोन-तीन प्रतिजैविके घेऊन आलेला असतो. साध्या औषधाने मरणारे जंतू वाटेतच मेलेले असतात आणि तपासणीच्या बाटलीत वाढतात ते चिवट. हीच टक्केवारी प्रमाण मानून तालुक्याच्या डॉक्टरने पहिल्याच दिवशी राखीव औषध सुरू केले, तर प्रतिरोध आणखी बळावतो. म्हणजे मोजमापातला कल उपचारात उतरतो आणि पुढच्या वर्षीच्या मोजमापात आणखी ठळक होऊन परततो.

छेदासह नोंद ठेवायची तर तिचा कच्चा माल म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी. ते नीट घ्यायचे तर परिचारिकेने कातडी जंतुनाशकाने पुसून सुकू द्यायची, प्रौढ रुग्णाच्या शिरेतून प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त घ्यायचे आणि हे सारे प्रतिजैविकाचा पहिला डोस जाण्याआधी उरकायचे. बाटली यंत्रात साधारण पाच दिवस राहते. खरा जंतू असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत वाढ दिसते. दोनपैकी एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफिलोकोकस वाढला, तर तो रोग की नुसती भेसळ, हे रुग्णाकडे पाहिल्याशिवाय ठरत नाही. प्रयोगशाळेचा कागद एकटा पुरत नाही, तो इथे.

डेन्मार्कने नेमके हेच ओळखले. तिथे १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला दहा अंकी नागरी क्रमांक आहे. उत्तर डेन्मार्कमध्ये, ऑल्बोर्गच्या सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी १९९० च्या दशकापासून त्या भागातल्या रक्तसंसर्गाचा प्रसंगागणिक डेटाबेस ठेवला. रक्तात वाढ दिसली की तज्ज्ञ वॉर्डातल्या डॉक्टरशी बोलतात. जंतू कुठून आला, फुप्फुसातून, लघवीच्या मार्गातून की सलाईनच्या नळीतून? घरून आला की रुग्णालयात लागला? सुरू केलेले औषध त्याला लागू पडणारे होते का? ही उत्तरे नोंदीत जातात. मग नागरी क्रमांकावरून रुग्णाचे जुने आजार आणि मृत्यूची तारीख जोडली जाते. मधुमेह असलेल्यांना धोका किती, आधीपासून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे घेणारे अधिक तगतात का, असे प्रश्न तिथल्या संशोधकांनी याच नोंदींतून तपासले.

इंग्लंडचा धडा वेगळा. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचा रक्तसंसर्ग कळवणे तिथल्या सरकारी रुग्णालयांवर २००१ मध्ये बंधनकारक झाले. २००४ मध्ये सरकारने ही संख्या २००८ पर्यंत निम्मी करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि ते गाठलेही. आकडे रुग्णालयागणिक जाहीर होत असल्यामुळे हात धुण्यापासून नळ्यांच्या निगेपर्यंत कोण कुठे कमी पडतो, ते झाकून ठेवता आले नाही.

श्रीमंत देशांचे चोचले म्हणून हे बाजूला सारण्याचे कारण नाही. लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगावी कर्मचारी फिरले, लक्षणे समजावत गेले, रुग्ण शोधत गेले. परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाला हा अनुभव नवा नाही.

रक्तसंसर्गाचाही एक नमुना घरात आहे. २०१७ ते २०२० या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू इथल्या सुमारे २४ हजार मुलांच्या तापावर लक्ष ठेवले गेले आणि ताप तीन दिवस टिकला की ब्लड कल्चर करण्यात आले. टायफॉइडचा दर शहरी केंद्रांत दर लाख बालवर्षांमागे ५७६ ते ११७३ निघाला. वढूच्या ग्रामीण भागात तो ३५ होता. एकच देश, एकच जंतू आणि फरक किमान सोळा पटींचा. लस आधी कुठे द्यायची, हे असा दर हाती असल्याशिवाय कसे ठरवणार? नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची संयुग्म लस मुलांना दिली तेव्हा तिचा परिणामही रक्ततपासणीतूनच मोजला गेला.

आक्षेप दोन येतील. पहिला, आपल्याकडे ब्लड कल्चर केलेच जात नाही. खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. हे खरे आहे, आणि म्हणूनच नोंदणीत निगेटिव्ह तपासण्याही मोजाव्यात. हजार लोकांमागे किती कल्चर झाले, हा आकडाच पहिला निष्कर्ष ठरेल. दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी आभा क्रमांक ऐच्छिक आहे, आणि तो तसाच राहावा. रुग्णाची ओळख आणि आजाराची माहिती वेगवेगळ्या ताब्यात ठेवावी, संशोधकाला फक्त सांकेतिक क्रमांक द्यावा. मृत्यूचे कारणही सुरुवातीला हवेच असे नाही. रुग्ण तिसाव्या दिवशी हयात आहे की नाही, एवढे कळले तरी काम सुरू होते.

तेव्हा विनंती अशी. परिषदेने साऱ्या देशाचा आराखडा आखत बसू नये. वढू आणि बार्शीसारखी, लोकसंख्या माहीत असलेली दोन-तीन क्षेत्रे निवडावीत. तिथल्या सरकारी आणि खासगी, सगळ्या प्रयोगशाळांना एका नोंदणीत आणावे आणि रुग्णावर कल्चरच्या खर्चाचा बोजा पडू देऊ नये. प्रत्येक पॉझिटिव्ह तपासणीसोबत संसर्गाचे ठिकाण, दिलेले पहिले औषध आणि तिसाव्या दिवसाची स्थिती लिहावी. आणि वार्षिक अहवालात टक्केवारीच्या शेजारी दर लाख लोकसंख्येमागचा दर छापण्याची तारीख परिषदेने आताच जाहीर करावी.